जुन्या डिझेल इंडिकाचं आयडलिंग वरखाली होतंय, पंप उघडायच्या आधी काय काय बघायचं?

निळीइंडिका

नमस्कार मंडळी. घरी २००६ ची इंडिका व्ही२ आहे, डिझेल, साधी विना टर्बो. बाबांची गाडी, आता मी चालवते, सातारा-पुणे येणंजाणं आणि अधूनमधून गावाकडे. गाडी विकायची नाहीये हे आधीच सांगते, त्यामुळे "नवीन घ्या" हा सल्ला कृपया नको.

प्रॉब्लेम असा की न्यूट्रलला उभी असली की इंजिनचा आवाज वर जातो, खाली येतो, परत वर जातो, सिग्नलला रेसवरून पाय काढला की आता बंद पडते की काय असं वाटतं पण पडत नाही, आणि त्यातच मध्ये मध्ये धडधड होऊन गिअरची दांडी हलते. सकाळी पहिल्यांदा सुरू व्हायला लांब सेल्फ मारावा लागतो, एकदा झाली की मग दिवसभर अर्ध्या सेल्फला. पळताना काही तक्रार नाही, पुण्याहून परत येताना खंबाटकी व्यवस्थित चढते. ऍव्हरेज किंचित कमी झालंय. डिझेल फिल्टर, एअर फिल्टर नुकतेच नवीन टाकलेत.

गॅरेजमध्ये नेली तर आवाज ऐकून सांगितलं इंजिनाला डिझेल देणारा पंप गेलाय, पंप दुरुस्तीच्या लॅबला द्यावा लागेल, १५-१८ हजार धरून चला. काही उघडून बघितलं नाही. पैसे घालायला ना नाही पण आधी कळू तर दे नक्की काय झालंय. घरच्या घरी काय तपासता येईल? पान्यांचा सेट आहे आणि हात काळे करायची तयारी आहे.

स्वारगेटकर

पंपच असणार. माझ्या इंडिगोला सेम हेच होत होतं, पंप ओव्हरहॉल केला, सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणारे नोझल पण केले, गाडी सरळ झाली. जास्त विचार करू नका.

पाना१३

@स्वारगेटकर, पंप आणि नोझल दोन्ही एकदमच केले मग नक्की कशाने बरं वाटलं ते कसं कळणार? शिवाय पंप काढून बसवताना फिल्टरपासूनचे पाईप, वायसर सगळं नवीन पडतं, कित्येकदा गुण त्यांचाच असतो.

ताई, आधी तुमचे दोन प्रॉब्लेम वेगळे करा. आवाज लयीत वर-खाली, वर-खाली जातो त्याला हंटिंग म्हणतात. आणि एकसारख्या आवाजात एक ठोका गाळल्यासारखा येतो, गाडी धडधडते, ते मिसिंग. दोन्हीची कारणं बहुतेक वेळा वेगळी असतात आणि तुम्ही लिहिलंय त्यात मला दोन्ही दिसतायत. थोडं सांगा: सकाळी सुरू झाल्यावर धूर कसला, पांढरा की काळा? डिझेलसारखा उग्र वास येतो का? फिल्टरवरचा हातपंप सकाळी दाबून बघा, लगेच कडक लागतो की बरेच वेळा दाबल्यावर? एसी लावल्यावर फरक पडतो का? आणि बॉनेट उघडून इंजिन किती हलतंय तेही बघा. माउंटिंगचं रबर बसलं असेल तर आयडलिंग ठीक असूनसुद्धा गाडीभर थरथर जाणवते.

निळीइंडिका

सकाळी पांढरट धूर थोडा, मिनिटभरात जातो, वास येतो. हातपंप सकाळी एकदम मऊ लागतो, बरेच वेळा दाबला की मग कडक होतो, आणि तसा कडक करून सेल्फ मारला तर लगेच सुरू झाली! हे आजच कळलं. एसी लावला की आरपीएम वाढतं आणि वरखाली कमी होतं, धडधड तशीच. माउंटिंग मागच्या वर्षी बदललेत.

डिझेलमास्तर

सांगलीला पंप-नोझलच्या लॅबमध्ये काम करत आलोय आयुष्यभर, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या इंजिनाला ४७५ म्हणतात ते चार सिलिंडर आणि ७५ एमएम बोअर म्हणून, १४०५ सीसी, आणि त्याला रोटरी पंप आहे व्हीई टाईपचा. या पंपात प्लंजर एकच असतो. तोच गोल फिरतो, तोच पुढंमागं होतो आणि चारही सिलिंडरला आळीपाळीनं डिझेल देतो. म्हणजे प्लंजर झिजला तर चौघांनाही झळ लागणार, एकट्या एकाला नाही. आणि झिजलेला प्लंजर त्रास देतो तो गरम झाल्यावर, कारण गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या जागेतून निसटतं. अशी गाडी सकाळी थंड असताना सुरू होते आणि दुपारी गरम असताना सेल्फ खात बसते. तुमची गाडी बरोबर उलटं करते. सकाळी त्रास, गरम झाली की अर्ध्या सेल्फला. हे ऐकून मी तरी पंपाला हात लावणार नाही.

हातपंप सकाळी मऊ लागतो याचा अर्थ रात्रीत डिझेल लाईनमधून मागं टाकीत उतरतंय, आणि मागं उतरायला कुठून तरी हवा आत यावी लागते. गाडी एअर घेतेय. पंपाच्या पोटात पात्यांचा एक छोटा पंप असतो, तो टाकीपासून डिझेल ओढतो आणि पोटात प्रेशर तयार करतो. त्याच प्रेशरवर टायमिंग पुढंमागं करणारा पिस्टन चालतो. हवेचे बुडबुडे आले की ते प्रेशर डळमळतं, टायमिंग सरकतं, इंजिन हळू होतं, पंपातला आरपीएम सांभाळणारा गव्हर्नर म्हणतो डिझेल वाढव, मग आरपीएम जास्त होतं, मग गव्हर्नर कमी करतो, परत खाली. हेच तुमचं वरखाली. एसी लावल्यावर कमी होतं कारण आरपीएम वाढलं की पोटातलं प्रेशरही वाढतं आणि आयडलिंगची नाजूक स्प्रिंग एकटी काम करत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टाकी ते पंप ही ओढणारी बाजू आहे. इथं भोक पडलं तर गाडी चालू असताना डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. त्यामुळं "पाईप कोरडा आहे म्हणजे पाईप चांगला आहे" असं धरू नका. निम्म्या गाड्या याच एका गैरसमजानं लॅबला येतात.

दोन टेस्ट करा. पहिली, पंपाला जिथं डिझेल आत जातं तिथं वीतभर पारदर्शक पाईप लावा आणि गाडी आयडलला ठेवून उजेडात बघा. सुरुवातीला चार बुडबुडे गेले तर काही नाही, पण सुरूच राहिले तर हवा नक्की. दुसरी, स्वच्छ कॅनमध्ये चांगलं गाळलेलं डिझेल घ्या, कॅन पंपापेक्षा उंच धरा, तिथून थेट पंपाला पाईप द्या आणि पंपाचा रिटर्न, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणारा पाईपही, कॅनमध्येच सोडा. टाकी, लाईन, फिल्टर सगळं वगळलं. पाच-दहा मिनिटं चालवून बघा. कॅनवर वरखाली थांबलं तर दोष पंपाच्या अलीकडं आहे. कॅन कुणाला तरी धरायला सांगा, सायलेन्सरच्या बाजूला किंवा बॅटरीवर ठेवू नका. आणि पारदर्शक पाईप टेस्टपुरताच, डिझेलनं तो कडक होऊन तडकतो.

कोकणकडा

मास्तरांनी मस्त सांगितलंय. एकच भर, आमच्या चिपळूणकडे पावसाळ्यात पाण्याचा प्रॉब्लेम फार. फिल्टरच्या खालचा ड्रेन स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल काढा आणि बाटली थोडा वेळ ठेवा, पाणी असेल तर खाली वेगळं बसलेलं दिसतं. आणि सकाळचा पांढरा धूर हीटर प्लगमुळे पण असतो. प्लगची वायरिंग सोडून प्रत्येकाचा रेझिस्टन्स मोजा, चांगला प्लग एखाद्या ओहमच्या आसपास दाखवतो, गेलेला सरळ ओपन दाखवतो. त्यासाठी प्लग काढायला जाऊ नका, जुने गंजलेले प्लग हेडमध्ये तुटतात आणि मग मोठं काम निघतं.

घाटमाथा

वाचतोय. माझी स्विफ्ट डिझेल आहे २०१० ची, तीपण आयडलला थोडी धडधडते. ती नोझलचे नट एकेक सैल करून बघायची टेस्ट ऐकली होती, ती करू का?

पाना१३

@घाटमाथा अजिबात करू नका! ती टेस्ट फक्त जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांसाठी. तुमचं इंजिन कॉमन रेल आहे, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून दाबाखालचं डिझेल मिळतं, त्या लाईनमध्ये हजार बारच्याही बरंच वर प्रेशर असू शकतं, तिथून उडालेलं डिझेल कातडीतून आत शिरतं आणि बोट कापायची वेळ येते. ही घाबरवण्याची गोष्ट नाही, खरंच होतं. तुमच्यासाठी स्कॅनर लावून प्रत्येक इंजेक्टरचं करेक्शन बघणं आणि रिटर्न किती येतो ते चार बाटल्या लावून मोजणं, एवढंच. तेही ज्याला माहीत आहे त्याच्याकडून.

निळीइंडिका

टेस्ट केल्या. भाऊ मदतीला होता.

पारदर्शक पाईप लावला तर अक्षरशः बुडबुड्यांची माळ, थांबतच नाही, आणि आवाज खाली जायच्या जरा आधी एक मोठा बुडबुडा सरकताना दिसतो! कॅन लावला तर पहिली दोन मिनिटं तसंच, मग वरखाली पूर्ण थांबलं. पूर्ण. आम्ही दोघं नुसते ऐकत उभे राहिलो. धडधड मात्र कॅनवरही तशीच आहे, आता वरखाली गेल्यामुळे उलट ती जास्त स्वच्छ ऐकू येते.

मग मास्तरांच्या हिशोबाने दोष अलीकडे म्हणून एकेक तुकडा करत गेले. आधी फिल्टर परत जोडला आणि कॅनचं डिझेल फिल्टरमधून दिलं, तरी बुडबुडे नाहीत, म्हणजे फिल्टर आणि हातपंप सुटले. राहिली टाकीकडून येणारी लाईन. लोखंडी पाईप जिथे संपतो आणि फिल्टरकडे जाणारा रबरी पाईप सुरू होतो तिथे कुणीतरी कधीतरी स्क्रूवाला पट्टीचा क्लिप लावलेला होता, वरून छान दिसतो, कोरडा ठणठणीत. क्लिप काढून पाईप वाकवला तर खालच्या बाजूने रबर पट्टीने कापलेलं आणि आजूबाजूला केसासारख्या बारीक भेगा.

नोझलवरचे बारीक रिटर्न पाईप पण बघितले. त्यांचं कापडी वेष्टण ओलसर आणि त्यावर धूळ बसून काळा लेप झालाय, शेवटच्या नोझलवरची टोपी बोटाने फिरते. हे पण बदलायचे ना?

डिझेलमास्तर

शाब्बास ताई. एका टोकाकडून एकेक तुकडा वगळत जायचं, हीच खरी पद्धत.

रिटर्न पाईप सगळे बदला, टोपीसकट. स्वस्त असतात, जुना तुकडा दाखवून त्याच मापाचा घ्या, सैल घालून क्लिप आवळायचा प्रकार करू नका. गाडी बंद असताना तिथूनही हवा शिरते आणि रात्रीत डिझेल मागं उतरतं. मोठ्या पाईपला डिझेलचाच पाईप घ्या, पाण्याचा नको, आणि क्लिप गोल आवळणारा घ्या. पट्टीचा क्लिप बारीक पाईपला गोल बसतच नाही, स्क्रूच्या खाली जागा राहते आणि बाकीकडं रबर कापतो.

आता धडधड. गाडी आयडलला ठेवा, नोझलच्या डोक्यावर पंपाकडून येणाऱ्या लोखंडी पाईपचा नट पाव आटा सैल करा, आवाज पडला की लगेच आवळा, मग पुढचा. ज्या सिलिंडरचा नट सैल करूनही आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर काम करत नाहीये. डोळ्याला चष्मा, हातात जाड मोजे, नटावर कापड, तोंड लांब. इथंही प्रेशर १०० बारच्या वर असतं, फवाऱ्यासमोर हात नेऊ नका.

बेळगावी

एवढं सगळं करण्यापेक्षा टाकीत टू-टी ऑईल, ते टू-स्ट्रोक गाड्यांचं हो, घालून बघा की ओ. आमची सुमो वर्षानुवर्षं त्यावर शांत चालते. आताच्या डिझेलमध्ये सल्फर काढून टाकल्यापासून जुने पंप लवकर जायला लागलेत, असं आमचे मेस्त्री सांगतात.

डिझेलमास्तर

@बेळगावी यात दोन गोष्टी एकत्र झाल्यात. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आहे, सल्फर १० पीपीएम, त्याआधी बीएस-४ ला ५० होतं, हे बरोबर. सल्फर काढताना डिझेलचं नैसर्गिक वंगणही कमी होतं हेही बरोबर. पण म्हणूनच कंपन्या वंगणासाठी वेगळं रसायन घालतात आणि त्याचं मोजमाप ठरलेलं आहे, वंगणाच्या चाचणीत झिजेची खूण ४६० मायक्रॉनच्या आत असली पाहिजे. त्यामुळं टू-टी नाही घातलं म्हणून पंप जाईल असं मी म्हणणार नाही. घातल्यानं आवाज थोडा मऊ होत असेल, पण पाईपचं भोक तेलानं बुजत नाही.

जुन्या पंपाला या बदलाचा खरा फटका बसतो तो सीलला. वर्षानुवर्षं जुन्या डिझेलमध्ये फुगलेलं रबर नव्या डिझेलमध्ये आकसतं, मग पंपाच्या वरच्या झाकणाखाली ओल दिसते किंवा शाफ्टच्या सीलमधून हवा आत जाते. ते ओळखायचं कसं? कॅनवर गाडी लावली, आत जाणाऱ्या पाईपमध्ये एकही बुडबुडा नाही आणि तरी बाहेर येणाऱ्या रिटर्नमध्ये बुडबुडे सुरूच आहेत, तर हवा पंपातच शिरतेय. तेव्हा पंप काढा, बिनधास्त काढा. लॅबमध्ये सील बदलून बेंचवर कॅलिब्रेशन करून घ्या, नुसतं सील बदलून परत बसवू नका.

निळीइंडिका

अपडेट. सगळे रबरी पाईप, क्लिप, रिटर्न बदलले. सकाळी हातपंप कडक, पहिल्या सेल्फला सुरू, हंटिंग गेलं.

नटांची टेस्ट केली. १, २ आणि ४ ला इंजिन लगेच बसायला लागतं, ३ ला काहीच फरक नाही. नोझल चारही काढून लॅबला नेले. इथल्या लॅबवाल्या काकांनी टेस्टरवर लावून दाखवलं, मी मुद्दाम उभी राहिले. चांगला नोझल दांडा दाबला की कर्र-कर्र असा आवाज करून बारीक धुक्यासारखा फवारा मारतो आणि टोक कोरडं राहतं. तिसऱ्याचा आवाजच नाही, फवाऱ्याऐवजी पिचकारी, आणि दाब सोडल्यावर टोकाला थेंब लोंबत राहतो. बाकीचे तीन ठीक, फक्त उघडण्याचं प्रेशर थोडं उतरलेलं. चारही टिप बदलून एकाच प्रेशरला सेट करून घ्या म्हणाले, नाहीतर एक नवीन आणि तीन जुने असं ठेवलं तर धडधड पूर्ण जाणार नाही. पटलं, करून घेतलं.

तिसऱ्या नोझलच्या खालचा वायसर निघालाच नव्हता, भोकात चिकटून बसलेला, टॉर्च मारून बघितला म्हणून दिसला. त्यावर दुसरा बसवला असता तर नोझल वर राहिला असता. सगळे वायसर नवीन टाकले.

आता गाडी आयडलला शांत आहे. गिअरची दांडी हलत नाही. फक्त आयडलिंग जरा जास्त वाटतंय, आधी कुणीतरी बंद पडू नये म्हणून वाढवून ठेवलेलं असावं. तो स्क्रू मी फिरवू का?

पाना१३

वा, झकास! फिरवा, पण इंजिन पूर्ण गरम करून, एसी आणि लाईट बंद ठेवून. पंपावर दोन-तीन स्क्रू दिसतील. रेसच्या लिव्हरचा दांडा आयडलला ज्या स्क्रूवर टेकतो फक्त तोच तुमचा, लॉक नट सैल करून थोडा थोडा. दुसऱ्या बाजूला लिव्हर टेकतो तो जास्तीत जास्त आरपीएमचा, आणि पंपाच्या मागच्या तोंडाला जो सील मारलेला असतो तो डिझेलच्या मात्रेचा. त्या दोघांना हात नको. मात्रेच्या स्क्रूशी खेळलं की आधी ताकद वाढल्यासारखी वाटते, मग काळा धूर, मग पीयूसीला फेल.

आरपीएम मीटर नसेल तर लॅबवाल्यांकडे नोझलच्या लोखंडी पाईपला चिमट्यासारखा लावायचा टॅकोमीटर असतो, त्यावर मॅन्युअलमधल्या आकड्याला सेट करून घ्या. आणि टायमिंग बेल्ट कधी बदललाय? माहीत नसेल तर आता बदलाच. पीयूसीला डिझेल गाडी न्यूट्रलमध्ये फुल रेस करून धूर मोजतात, जुना बेल्ट असेल तर नेमका तिथे दगा देतो, आणि या इंजिनला पंपही त्याच बेल्टवर आहे.

निळीइंडिका

बेल्टची पावती सापडली नाही, त्यामुळे पुढच्या आठवड्यात टेन्शनरसकट बदलून घेते. स्क्रू पाव आट्यापेक्षा कमी फिरवला, पुरेसं झालं.

सोलापूरकर_क्वालिस

इथेच विचारतो, वेगळा धागा काढत नाही. माझी २००३ ची क्वालिस. हा धागा वाचून पंपाजवळचे दोन्ही रबरी पाईप आणि वायसर बदलून घेतले, गॅरेजमधून आणली तर आधीपेक्षा वाईट! आयडलिंग खडबडीत, रेस दिली की ओढत नाही. एअर काढून झाली, पारदर्शक पाईपमध्ये बुडबुडा नाही.

डिझेलमास्तर

पंपावर दोन्ही पाईप ज्या पोकळ बोल्टनं बसतात ते काढून नीट बघा. दोन्ही सारखेच दिसतात पण एकाच्या डोक्यावर इंग्रजीत आऊट कोरलेलं असतं आणि त्याच्या आत अगदी बारीक भोक असतं. तो रिटर्नलाच लागतो, पंपाच्या पोटातलं प्रेशर त्या बारीक भोकामुळंच टिकतं. अदलाबदल झाली तर आत डिझेल पुरत नाही आणि रिटर्नला मोकळं सुटतं, प्रेशर तयारच होत नाही. नवीन वायसर टाकून बोल्ट जागच्या जागी लावा, मग एअर काढा, आणि काय होतं ते लिहा.

सोलापूरकर_क्वालिस

आऊटवाला बोल्ट फिल्टरकडून येणाऱ्या पाईपला होता. बदलला. गाडी लागली रांगेला. मास्तर, उद्या पंप काढायचा असं गॅरेजशी ठरलेलं, आत्ताच फोन करून कॅन्सल करतो.